पाच मैलांचं आभाळ

रशीद शिकलगारची बदली मुंबईहून कोल्हापूरला झाली, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी त्याच्याकडं पेढे मागितले. घरचं जेवण, दिवसाला एक विमान, तेही आलं तर आलं. रशीदलाही वाटलं, चला, सुटलो. मुंबईच्या टॉवरमध्ये वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून बसलं की माणसाला झोपेतसुद्धा विमानं उतरवावी लागतात.

कोल्हापूरच्या माळावरची धावपट्टी जुनीच होती, संस्थानी काळातली. नवा होता तो टॉवर. आणि टॉवरपाठोपाठ हुकूम येणार होता, धावपट्टीभोवतीचं पाच मैलांचं आभाळ नियंत्रणाखाली आणायचं. म्हणजे त्या गोलात कुठल्याही विमानानं टॉवरला विचारल्याशिवाय शिरायचं नाही, उठायचं नाही, घिरटी घालायची नाही. आजवर ज्याला वाटेल तो, वाटेल तसा उडत होता. आता कुणीतरी वर बसून ‘तू थांब, तू ये’ म्हणणार. हे सगळं बसवून द्यायचं, एवढंच रशीदचं काम. ऐकायला सोपं.

टॉवरला पश्चिमेकडून अख्खी काच आणि पडद्यांना मंजुरी नाही, त्यामुळं दुपारनंतर रशीद वर भाजून निघायचा. वायरलेस आला तेव्हा बॅटऱ्या आल्या नव्हत्या. बॅटऱ्या आल्या तेव्हा त्यातलं ॲसिड आलं नव्हतं. टेलिफोनवाल्यांनी अर्धे खांब रोवले आणि उरलेले रस्त्याकडेला टाकून ते जे गेले ते गेलेच. गुराखी त्यांच्यावर बसून गप्पा हाणू लागले. त्या गुराख्यांच्या म्हशी धावपट्टीवर. रशीद जीप घेऊन हाकलायला गेला, तर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “सायेब, आमच्या म्हशी इमानाला भीत न्हाईत. तुमी काळजी करू नगासा.”

पण म्हशी परवडल्या. म्हशी निदान जमिनीवर असतात.

वायरलेस चालू झाला त्याच सकाळी, मुंबईचं विमान यायच्या बेतात असताना, ओढ्यापलीकडच्या उसातून एक पिवळं विमान भुंग्यासारखं गुरगुरत वर आलं, धावपट्टीवरून आडवं गेलं आणि पलीकडच्या शिवारात बुडी मारून दिसेनासं झालं. रशीदनं वायरलेसवर हाका मारून बघितल्या. उत्तर नाही. लाल दिव्याची बत्ती उचलून रोखली. त्या विमानानं लाल दिव्याची दखल घेतली ती एवढीच, की परत येताना पंख दोन्ही बाजूंना हलवून दाखवले. रामराम घालावा तसे.

रशीदनं डोक्याला हात लावला. ते विमान कुणाचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या बापाच्याच हाताखाली ते वीस वर्षं नांदत होतं.

विमान होतं बाळासोंचं. बाळासो हे बड्या बागायतदाराचं पोरगं. तरुणपणी विमान उडवायला शिकले आणि पुढं उसावर औषध फवारायचा धंदा त्यांनी काढला. स्वतःच्याच रानात मुरमाची धावपट्टी केली. आणि त्या विमानाचं इंजिन सांभाळायचा रशीदचा बाप, गौस. शिकलगारांचं मूळ काम तलवारी-सुऱ्यांना धार लावायचं. गौसनं धारेचं चाक सोडून इंजिनात हात घातला आणि मग दुसऱ्या कशात घातलाच नाही. इंजिनाच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, त्यामुळं तो बोलायचा ते निम्म्या गल्लीला ऐकू जायचं.

“अब्बा,” त्या संध्याकाळी रशीद म्हणाला, “बाळासोकाकांना सांगा, असं न विचारता उडायचं नाही आता.”

“काय?”

“विचारल्याशिवाय उडायचं नाही!”

“कुणाला इचारायचं?”

“मला!”

गौसनं भाकरीचा तुकडा हातातच धरून लेकाकडं बघितलं. मग सुनेकडं, मेहमुदाकडं बघितलं. “ऐकलंस? मालकानं ह्याला इचारायचं म्हंतोय. लहानपणी ह्योच तेस्नी इचारायचा, काका, इमानाला हात लावू का म्हणून.”

मेहमुदा हसली. रशीद ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन थेट बाळासोंच्या रानात गेला. विमानाच्या पोटातल्या टाकीत गौस औषध ओतत होता, तोंडाला ओलं फडकं बांधून. बाळासो बांधावर खुर्ची टाकून बसले होते. साठीच्या आसपासचा जाडजूड माणूस, पांढरी विजार, डोळ्यांवर काळा चष्मा.

“या पावणं,” बाळासो म्हणाले. ओळखीच्या माणसाला पावणं म्हटलं की ओळखावं, कुस्तीची सलामी झाली.

रशीदनं सगळं समजावून सांगितलं. पाच मैलांचा गोल मातीवर काटकीनं काढून दाखवला. बाळासोंनी तो नीट बघितला आणि चप्पल त्या गोलाच्या बरोबर मधे ठेवली.

“ह्ये माझं रान. तुज्या गोलाच्या आत. बाहीर कसं न्हेऊ?”

“बाहेर न्यायचं नाही काका. फक्त उठायच्या आधी टॉवरशी बोलायचं.”

“कशानं बोलू? तोंडानं? माज्या इमानात रेडिओ न्हाय.”

“मग रेडिओ बसवा. नाहीतर माझी बत्ती बघत जा. लाल दाखवली की लांब थांबायचं.”

बाळासोंनी चष्मा काढला. “आरं, उसाच्या शेंड्यावर चाकं घासत जातोय मी. म्होरं इजंच्या तारा, बाभळी, हिरीवरचे पंप. एक डोळा तुज्या बत्तीकडं लावला तर दुसऱ्या दिशी तुला माज्या मातीला यायला लागंल. आनी सकाळीच का उडतो? वारं पडलेलं असतं म्हणून. ऊन वर आलं की वारं सुटतं आनी औषध जातं शेजाऱ्याच्या मिरचीवर. औंदा उसावर पाकोळी पडलीया. ऐकलंस न्हवं? कीड काय म्हंती, रशीदसायेबाचं इमान येऊन जाऊ दे, मग पानं चोखू?”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. माणूस निव्वळ आडमुठा असता तर रशीदनं कायदा काढून त्याच्या तोंडावर मारला असता.

शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर तोड निघाली. खालच्या गावच्या सोसायटीत टेलिफोन होता आणि टॉवरलाही एव्हाना, उरलेल्या खांबांऐवजी बाभळींवरून तार ओढून का होईना, फोन आला होता. मुंबईचं विमान निघालं की रशीदनं सोसायटीत फोन करायचा. तिथला कारकून पिराजी यानं सोसायटीच्या माडीवर काठीला पांढरं धोतर लावायचं. बाळासोंना ते हवेतून दिसतं. धोतर दिसलं की त्यांनी खाली उतरायचं आणि ते निघेपर्यंत उठायचं नाही.

“सरकारचा एवढा मोठा टॉवर,” बाळासो म्हणाले, “आनी चालणार पिराजीच्या धोतरावर. बरं हाय.”

रशीदला हसू आलं नाही. वरच्या ऑफिसला त्यानं रेडिओसाठी लिहिलं होतं, सूचना बाळासोंना रीतसर पाठवा म्हणूनही लिहिलं होतं. उत्तर आलं ते पडद्यांबद्दल: अद्याप विचाराधीन.

धोतर काही दिवस चाललं. एकदा वाऱ्यानं उडून गेलं आणि विहिरीत पडलं. एकदा पिराजीनं सकाळी चढवलेलं उतरवायचं राहिलं आणि बाळासो दिवसभर बांधावर बसून शिव्या घालत राहिले. एकदा रशीदनं फोन केला तर पलीकडून पिराजी म्हणाला, “लावतो की सायेब, पर इमान तर मघाशीच गेलं,” आणि कुठलं विमान, कुठं गेलं, हे विचारेपर्यंत लाइन तुटली. रशीद टॉवरमध्ये एकटाच ओरडायला लागला होता. खालचा चौकीदार वर बघून मान हलवायचा.

दसरा झाला, गुऱ्हाळं पेटली. सकाळच्या धुक्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळून शिवारावर पांढरी साय धरायची. अशाच एका सकाळी मुंबईचं विमान पाठीवरच्या वाऱ्यानं लवकर आलं. रशीदनं सोसायटीत फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. पिराजी पहाटेच्या एस्टीनं खताच्या कामाला तालुक्याला गेला होता आणि सोसायटीला कुलूप होतं. बंद खोलीत घंटा वाजत होती आणि माडीवरची काठी उघडी होती.

मुंबईच्या विमानाचा पायलट उतरायची परवानगी मागत होता. रशीदनं दुर्बीण लावून ओढ्यापलीकडं बघितलं. काही नाही, नुसता धूर. कान देऊन ऐकलं; मोठ्या विमानाच्या आवाजात लहानाचा आवाज कुठला ऐकू येणार? त्यानं पायलटला सांगितलं, “या भागात फवारणीचं विमान असू शकतं, त्याच्याकडं रेडिओ नाही. नजर ठेवा.” आणि उतरू दिलं.

विमान धुरातून खाली आलं, चाकं सोडलेली, धावपट्टीच्या तोंडाशी. आणि त्याच्याच खालून, उसाची ओळ संपवून वळण घ्यायला, पिवळं विमान सरळ वर निघालं.

“वर जा! गो अराउंड! लगेच!” रशीद वायरलेसवर ओरडला.

मोठ्या विमानानं नाक वर उचललं. इंजिनांचा असा आवाज झाला की टॉवरच्या काचा थरथरल्या. पिवळ्या विमानानं पंख टाकला आणि ते ओढ्याच्या बाजूला पडल्यासारखं घसरलं. त्यांच्यामधे किती अंतर राहिलं ते रशीदला टॉवरमधून सांगता येईना; एक पिंपळाचं झाड मधे मावलं असतं की नाही, कुणास ठाऊक. मोठं विमान माळाला फेरी घालून परत आलं आणि नीट उतरलं. उतरताना एक बाई रडत होती, दोन माणसं पायलटशी भांडत होती. पायलट टॉवरकडं बघून काहीतरी म्हणाला. ते काचेतून ऐकू आलं नाही, पण समजलं.

रशीदनं पुढ्यातला गार चहा बाजूला सारला आणि रिपोर्टचा कागद ओढला.

रात्री गौस घरी आला तेव्हा नेहमीसारखा ओरडून बोलला नाही. ओट्यावर बसला आणि हळू म्हणाला, “रिपोर्ट लिवणार?”

“लिहिला.”

“धाडला?”

“धाडला. मी नसता लिहिला तरी तो पायलट लिहिणारच. आणि मी का लिहू नये अब्बा? विमान भरलेलं होतं! माणसं होती आत!”

“म्या काय म्हटलं का लिवू नगंस म्हणून?” गौस म्हणाला. “म्या खालनं बगत हुतो. मोठं इमान आल्यालं मला दिसलं, मालकास्नी दिसलं न्हाय. अंगातली बंडी काढून हलवत पळत सुटलो उसातनं. कोण बगतंय?” त्याच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांनी बारीक बारीक कापलं होतं. “उतरल्यावर मालकास्नी खाली येता येईना. म्या हात दिला. इतक्या वर्सांत कंदी दिला न्हवता. तितंच बसलं बांधावर, आनी म्हंत्यात, गौस, पोरगं बरूबर सांगत हुतं.”

दिवसभर रशीदनं बापाशी भांडायची तयारी केली होती, आणि बाप भांडतच नव्हता.

“हे त्यांनी आधी ऐकायचं होतं,” तो शेवटी म्हणाला.

“व्हय,” गौस म्हणाला. “आनी तू तेस्नी धोतराबिगर कायतरी द्यायचं हुतं.”

रेडिओसाठी लिहिलेल्या पत्रांना जे ऑफिस महिनोन्महिने उत्तर देत नव्हतं, त्या ऑफिसचं रिपोर्टवरचं उत्तर मात्र आठवड्यात आलं. चौकशी होईपर्यंत बाळासोंचं लायसन बंद. पिवळं विमान ताडपत्रीखाली गेलं, गौस घरी बसला. पुढच्याच पंधरवड्यात मुंबईच्या विमानाची सेवाही बंद पडली. विमान तूर्त दुसरीकडं लागतंय, असं कळवण्यात आलं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी दिल्लीचा तो बहुप्रतीक्षित हुकूम येऊन थडकला. आजपासून पाच मैलांचं आभाळ नियंत्रणाखाली.

रशीद नियंत्रण करत बसला. कशाचं, ते विचारू नये. सकाळी येऊन वायरलेस लावायचा, वारा बघायचा, ढग बघायचे. वर घारी फिरायच्या. त्यांना हुकूम लागू नव्हता.

एका दुपारी लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि धापा टाकत एक बाई वर आली. चौकीदार मागनं ‘ओ मावशी, ओ मावशी’ करत होता. धावपट्टीला लागून रान असलेल्या केरबाची बायको, धोंडुबाई. तिनं हातातलं उसाचं पान रशीदच्या टेबलावर आपटलं. पान वरून काजळी धरलेलं, खालून चिकट. टेबलालाच डकलं ते.

“बग,” ती म्हणाली. “समदा ऊस असा हाय. पाठीवर पंप घिऊन माज्या मालकानं चार सऱ्या मारल्या, पाचवीत चक्कर यिऊन पडलं. ऊस डोक्याच्या वर गेलाय, माणूस आत शिरत न्हाय. त्ये इमान का बंद केलंस?”

“मावशी, मी नाही बंद केलं. वरनं बंद झालं.”

“तू हितं कशाला बसलाईस?”

“आभाळ राखायला.”

“मग ही पाकोळी कुठनं आली?” धोंडुबाईनं कमरेवर हात ठेवले. “ती बी आभाळातनंच आली की! तिला इचारलंस का, कुणाच्या परवानगीनं आलीस म्हणून?”

रशीद टेबलाला चिकटलेलं पान नखानं सोडवायला लागला. चौकीदारानं दुसरीकडं बघितलं. धोंडुबाई जशी आली तशी उतरून गेली, प्रत्येक पायरीला एक शब्द टाकत. त्यातला एकही शब्द सरकारी नव्हता.

रशीद त्याच रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला.

ऑफिसात त्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत राहिले. ज्या साहेबांकडं चौकशी होती ते रजेवर. ज्यांच्याकडं जुने रेडिओ होते त्यांना चौकशीवाल्यांची सही हवी. रशीद बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी फाइल वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

“रिपोर्ट तुम्हीच लिहिलात आणि आता वकिलीही तुम्हीच करताय?”

“वकिली नाही करत, सर. रिपोर्टमधला शब्द न् शब्द खरा आहे. तो माणूस मधे आला. पण त्याला थांब म्हणायला माझ्याकडं एक धोतर होतं, सर. धोतर!” रशीदचा आवाज चढला आणि त्याला तो खाली आणता येईना. “लायसन काढून घेतलं तर तो आज थांबेल. उद्या दुसरा कुणी फवारणीवाला येईल, त्याच्याकडंही रेडिओ नसेल. तुमच्या गोदामात जुन्या विमानांतून उतरवलेले सेट धूळ खात पडलेत, मी बघून आलोय. एक द्या. नाहीतर त्या टॉवरला कुलूप लावा, मी मुंबईत येतो परत.”

साहेबांनी फाइल मिटली. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. रशीदला वाटलं, आपल्याला बाहेर काढतायत. पण ते म्हणाले, “गोदामाची किल्ली आण.”

बाळासोंना समज देऊन लायसन परत मिळालं, एका अटीवर: रेडिओ बसवायचा आणि टॉवरशी बोलल्याशिवाय चाक हलवायचं नाही. रशीदनं तो सेट गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आणला. गौसनं तो विमानात बसवला, तारा ओढल्या, आणि रीतसर माणूस येऊन तपासून गेला. तपासणीच्या वेळी गौस कॉकपिटमध्ये बसून माइकमध्ये इतक्या मोठ्यानं ओरडला, की टॉवरमध्ये रशीदनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तरी ऐकू येत होतं.

तोवर थंडी पडली होती. धोंडुबाईचा निम्मा ऊस गेलाच होता. तो काही परत येणार नव्हता. राहिलेल्यासाठी बाळासो रोज सकाळी उडू लागले. आणि रशीदच्या डोक्याला नवा ताप लागला. बाळासोंना बटण दाबून बोलायचं एवढं कळलं. बोलणं झाल्यावर ते सोडायचं असतं, हे कळेना. बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. बाळासो बटण दाबून ठेवून सगळ्या शिवाराचं वर्णन करत सुटायचे, कुणाच्या विहिरीला पाणी किती, कुणाच्या बांधावरची बाभळ तोडली, आणि रशीद खाली काचेला मुठी मारत बसायचा.

संक्रांतीनंतर मुंबईचं विमान परत सुरू झालं. पहिल्या सकाळी ते जवळ आलं तेव्हा बाळासो केरबाच्या रानावर होते.

“काका, ओढ्याच्या पलीकडं जाऊन थांबा. मुंबईचं विमान येतंय. आणि ‘व्हय’ म्हणून झालं की बटण सोडा.”

खरखर झाली, ‘व्हय’ ऐकू आलं. बटण सुटलं. पिवळं विमान वर आलं, ओढा ओलांडून गेलं आणि तिथं गोल फिरत राहिलं. मुंबईचं विमान खाली आलं, धावपट्टीला टेकलं, पळत जाऊन थांबलं. दारं उघडली. प्रवासी उतरून टांग्यांकडं निघाले.

“रशीद,” कानात आवाज आला. “आता यिऊ का?”

“या काका.”

“वारं सुटायच्या आत चार फेऱ्या हुतील. मारू?”

“मारा.”

“आनी काय सांगू तुला, त्या केरबाच्या खालच्या अंगाला पाकोळी आता लई कमी दिसतीया, वरच्या अंगाला मातुर...”

“काका, बटण!” रशीद ओरडला. “बटण सोडा! अहो काका!”

मुंबईच्या विमानाचा पायलट काहीतरी विचारत असणार, हे रशीदला काचेतून त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून दिसत होतं. त्यानं त्याला हातानंच खूण केली, जरा दम धर, आणि खुर्चीत बसून बाळासोंचं वरच्या अंगाचं पुराण संपायची वाट बघू लागला.